शालूताईंनी घातलेलं गाऱ्हाणं

परदेशातून नवा विद्यार्थी आला की शालूताई त्याला आधी पोलीस ठाण्यात नोंदणीला न्यायच्या आणि मग गावच्या सीमेवर, सातविणीच्या झाडाखालच्या राखणदार देवाकडे. "सरकाराक कळला, आता ह्येका कळाक होया," असं त्यांचं म्हणणं. देवाच्या दगडासमोर नारळ ठेवून, त्याच्यासाठी विडी पेटवून त्या गाऱ्हाणं घालायच्या. "बा देवा महाराजा, ह्या लेकरू लांबसून ईला हा. शिकान होयसर तेका सांभाळ." शिक्षण पुरं होईपर्यंत सांभाळ, एवढंच मागणं. शेजारी उभं राहून मला "व्हय महाराजा" म्हणावं लागे. मी विज्ञान शिकवणारा माणूस. पण न म्हटलं तर शालूताई चहा देत नसत.

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या उद्यानविद्या महाविद्यालयाच्या वसतिगृहातल्या नोकरीतून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण फक्त कागदावर. पोरांना खोली मिळवून देणं, मासळीबाजारात घासाघीस शिकवणं, काजूच्या कारखान्यात उमेदवारीला लावणं, सगळं त्यांच्याकडेच. नोकरीच्या मुलाखतीची तालीम घराच्या ओटीवर चाले. चष्मा नाकावर ओढून त्या विचारत, "तुका आमी कित्याक ठेवचा? तुझ्यापरास चार बरे आसत." पोरं घामाघूम व्हायची. एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं की मुलाच्या आठवणीनं म्हणत, "माझो झील न्यूझीलंडाक आसा. थंय तेका कोणीतरी वाट दाखयलीच आसतली मां?"

हाना इथियोपियाची. पहिले काही महिने ती नुसती रडत होती. मग शालूताईंकडेच जेवू लागली आणि बघता बघता घरची झाली. शिक्षण संपलं, तिच्या देशातल्या कॉफीच्या कारखान्यात नोकरी ठरली. निघाली त्या दिवशी रिक्षानं सीमा ओलांडली आणि तिचं अंग तापलं. परत आणली, तर उंबऱ्याशी पोचेपर्यंत ताप गायब! दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. डॉक्टरांना काही सापडेना. कारखान्यानं कळवलं, आता आली नाहीस तर जागा दुसऱ्याला देऊ.

ते ऐकून शालूताईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"चूक माझी," त्या मला म्हणाल्या. "हानाच्या गाऱ्हाण्याच्या वक्ताक पोर रडा होता. मी मायेन बोलान गेलंय, आपला समजान ठेव म्हणान. शिकान होयसर, ह्या म्हणाकच इसारलंय."

भर दुपारी आम्ही सातविणीखाली गेलो. पान हलत नव्हतं, पाखरू बोलत नव्हतं. शालूताईंनी फुलाच्या ओल्या पाकळ्या दगडाला लावून कौल मागितला. उजवी पडली तर होकार. "पोराक सोड महाराजा." पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा मागितला. नाही. मला उगाचच वाटलं, कुणीतरी ऐकतंय आणि त्याला घाई नाही.

मग शालूताईंनी पदर खांद्यावर घेतला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "तेच्या बदली मी रवतंय."

उजवी पाकळी तेवढ्यात गळली.

"शालूताई, हे काय बोललात? तिच्याऐवजी तुम्ही इथं राहणार?"

"माका खंय जावचा आसा?" त्या म्हणाल्या. हे खोटं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. मुलगा त्यांच्या व्हिसाची कागदपत्रं जमवत होता, आणि नातवाला त्यांनी अजून फोनच्या पडद्यावरच पाहिलं होतं.

हाना तिसऱ्या खेपेला हसत गेली. शिंकसुद्धा आली नाही तिला.

काही महिन्यांनी मुलगा न्यायला आला. सोडायला म्हणून मीही गाडीत बसलो होतो. सातवीण दिसली तशी शालूताईंनी गाडी थांबवायला लावली आणि उतरल्या.

"बाबू, तू जा. माका हंयच ठेवलेला आसा."

तो आधी चिडला. मग एवढा मोठा बाप्या माणूस, रस्त्यात उभा राहून रडायला लागला. शालूताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, पण पाऊल पुढे टाकेनात.

"सर, तुम्ही शिकलेले आहात," तो माझ्याकडे वळला. "तुम्ही तरी समजवा हिला."

मी डिकी उघडली आणि शालूताईंची बॅग खाली उतरवून घेतली.