बाटलीतली सर्पगंधा

आमच्या परळच्या लॅबमध्ये औषध साठण्याआधी किस्सेच साठले. आता सांगायचाही कंटाळा येतो, पण चार मित्र जमले की कुणीतरी विचारतंच, "काय रे सावंत, त्या बाटल्यांचं काय झालं?"

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती ते दिवस. सर्पगंधेच्या मुळात ब्लडप्रेशरचं औषध असतं, म्हणून लोक जंगलंच्या जंगलं उपटत होते. आमचे सर, गिरगावचे डॉक्टर आगाशे, म्हणायचे, "मुळाचा तुकडा बाटलीत वाढवायचा, औषध त्यातून काढायचं. झाडाला हात नाही!" वरून ताकीद होती, वर्षअखेर औषध दिसलं नाही तर विभाग बंद. विभाग म्हणजे सर, मी आणि अटेंडंट गावकर.

*

आमची आई मालवणची. तिला समजावता समजावता माझा जीव गेला.

"माती नाय, ऊन नाय, मगे झाड वाढतला कसा?"

"झाड नाही गं, नुसता गोळा वाढतो."

"गोळेच करूचे हुते तर इतको शिकलस कित्याक? माझ्यावांगडा चुलीकडे बस!"

*

मुळाचे तुकडे बाटलीत भरताना तोंड उघडायचं नाही, श्वासातून जंतू जातात. एकदा मी तुकडे भरतोय आणि मागे गावकर आणि वरच्या मजल्यावरचे केमिस्ट पाठारे यांची मुंबई कुणाची यावरून जुंपली. सर शांतपणे म्हणाले, "बाहेर जाऊन भांडा. मुंबई महाराष्ट्रात येईपर्यंत इथे बुरशी येईल!"

*

दसऱ्याला गिरणीत मशीनची पूजा होते, मग आमच्या मशीनने काय घोडं मारलंय, असं गावकरांचं म्हणणं. मलाही ते पटलं. आम्ही दोघांनी मोठ्या भक्तीने तुकडे भरायची निर्जंतुक काचेची पेटी उघडली, हळदकुंकू वाहिलं, आत झेंडूचा हार ठेवला.

त्या पेटीत नंतर भरलेल्या सगळ्या बाटल्या बुरशीने काळ्या पडल्या. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत बसले.

"पूजा पावली हो," ते म्हणाले, "फक्त बुरशीला!"

*

एका मोर्चाच्या दिवशी नाक्यावरचा अश्रुधूर खिडकीतून आत आला. मी आणि गावकर ओले टॉवेल डोळ्यांवर धरून बसलो. सरांनी ते हिसकावले आणि बाटल्यांच्या खोलीच्या दाराखाली कोंबले.

"सर, आमचे डोळे!"

"डोळे धुता येतात, सावंत!" त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या.

*

वर्ष संपत आलं. निम्मे गोळे वाटून त्यांचा अर्क वरच्या मजल्यावर पाठाऱ्यांकडे गेला. कागदावर अर्काचा थेंब चढवायचा, खास दिव्याखाली ठिपका चमकला तर औषध आहे, नाहीतर नाही. उरलेले गोळे बाटल्यांत होते. त्यांच्या खुराकात आम्ही नारळाचं पाणी घालायचो, त्यावर ते भराभर वाढत.

गावकर त्या दिवशी स्वतःचा नारळ घेऊन आले. त्यांना देवाला गाऱ्हाणं घालायचं होतं. सर दसऱ्यापासून लॅबमध्ये देवाचं नाव काढू देत नसत. त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाले, "पेटीपासून लांब."

गावकर व्हरांड्यात हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या सायबान लय मेहनत केल्यान हा. हेच्या गोळ्यात औषध उतरू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणालो.

मागून आणखी एक "व्हय म्हाराजा" आलं, अगदी शुद्ध गिरगावी! मी वळून पाहिलं नाही.

नारळ फोडला, पाणी लोट्यात धरलं. तेवढ्यात जिन्यावरून पाठारे उतरले. भांडखोर माणूस, पण त्या दिवशी त्यांनी नुसता कोरा कागद पुढे धरला.

"ठिपका नाही, आगाशे. काहीच नाही."

खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. गावकरांनी लोटा उचलला आणि पाणी ओतून टाकायला बेसिनकडे निघाले.

सरांनी चष्मा पुसला.

"गावकर, पाणी ओतू नका. सोमवारी खुराक करायचाय."