कोंबडा नसलेल्या शेडमधलं अंडं

अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... मी यातलं काहीएक मानत नाही. वाचून कुणाला मला शहाणपण शिकवायचं असेल तर खुशाल शिकवा, मी बधणार नाही.

नवापूरला आमचा अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा पोल्ट्री फार्म आहे. कॅन्सरच्या उपचारांआधी मी सुरतच्या एका दवाखान्यात माझी स्त्रीबीजं गोठवून ठेवली होती. आता मी ठणठणीत आहे आणि मला मूल नकोय. डॉक्टर म्हणाले, संशोधनाला द्याल का? पुरुषबीज न वापरता लॅबमध्ये त्यांची थोडे दिवस वाढ करायची, त्यातून स्टेम सेल काढायच्या – पुढे कुणाच्या तरी आजारावर उपयोगी पडतील. मी लगेच हो म्हटलं.

आई हादरली. बापाशिवाय जीव येणार कुठून, हा तिचा सवाल. "बाप नही, तर जीव कथाईन ई? नको करू व माय!"

"आपला शेडमा तरी कोठे कोंबडा शे?" मी उडवून लावलं. अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागतच नाही.

ज्या दिवशी लॅबवाले गोठवलेली बीजं वाढीसाठी बाहेर काढणार होते, त्या दुपारी आम्ही मायलेकी अंडी तपासत होतो. एकेक दिव्यासमोर धरायचं, तडा दिसला की बाजूला. सगळी सकाळीच गोळा केलेली. एका अंड्याशी आईचा हात थबकला. आत लाल शिरांचं जाळं, मध्ये ठिपका... आणि तो धडधडत होता! रक्ताचा डाग मी शेकडो वेळा पाहिलाय हो, तो हलत नाही. कोंबडा असता तरी इतकी वाढ व्हायला अंडं काही दिवस उबेत ठेवावं लागतं.

"तुन्हंच शे हाई," आई म्हणाली. "फोन कर. बंद करा म्हन त्यास्ले."

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? फोन लावलासुद्धा.

"मॅडम, थांबवायचं का?" पलीकडून विचारलं.

आईने ते अंडं पदराखाली उबेला धरलं होतं. ती रडत होती.

"नाही," मी म्हटलं. "चालू ठेवा."

संध्याकाळी तिने ते पुन्हा दिव्यासमोर धरलं, तर आत नुसता बलक. नेहमीचं अंडं! जनावरांचे डॉक्टर म्हणतात, भास झाला. दोघींना? एकच भास?

उलगडा आजही नाही. पण घाबरून माघार घ्यायची असती तर मी कॅन्सरपुढेच घेतली असती. बीजं माझी होती, मी दिली, वेळ आली तर पुन्हा देईन. आईने मात्र ते अंडं कुणाला खाऊ दिलं नाही, परसात पुरलं.

खड्डा मीच खणला.