शेमच्या नावाचे लोक

सत्तरच्या दशकात मी नागपूरहून एसटीने कुहीच्या शाळेत इतिहास शिकवायला जायचो. एकदा शेजारी पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी बसली. कंडक्टर "ए बुढे" म्हणाला, तेव्हा तिने आधी त्याला आपलं नाव ठणकावून सांगितलं, मगच तिकिटासाठी हात पुढे केला.

"काय वाचून राह्यला गा?" माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहत तिने विचारलं.

मी सांगितलं, बायबलात नोहाचा शेम नावाचा मुलगा आहे. त्याच्यावरून जर्मन पंडितांनी अरबी, हिब्रू अशा भाषांना सेमिटिक म्हटलं. पुढे ते नाव माणसांनाच चिकटलं, जणू भाषा रक्तातूनच येते.

"त्या लोकायले इचारलं होतं काय?"

"नाही."

"आमालेबी कोनी इचारलं नोहतं." ती हसली. "नागपुरात धम्माची दीक्षा घेतली अन् लोकायनं ठेवलेलं जातीचं नाव तिथंच सोडून आलो."

उतरताना पदर सारखा करत म्हणाली, "ते सोताले काय म्हनते, तेबी पाहून ठेव गा."

तेव्हापासून कुठल्याही लोकांचा धडा आला, की ते स्वतःला काय म्हणतात हे मी फळ्यावर सगळ्यांत वर लिहायचो. पुस्तकात सापडलं नाही, तर तेवढी जागा मोकळी ठेवायचो. एक दिवस त्यांच्यातलंच कुणीतरी येऊन भरेल.