तीन वेढ्यांची कडी
तेजाबाचा घशात खवखवणारा वास आला की मला बुढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या सराफी दुकानात आलेली ती म्हातारी आठवते. नवरा दवाखान्यात होता, म्हणून गळ्यातली चांदीच्या रुपयांची माळ तिने विकायला काढली होती. मी कानशीने एका रुपयाची कड घासली, तेजाबाचा थेंब टाकला, तर हिरवा फेस उसळला. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावरही तेच. "माई, ये तो सब नकली है," मी म्हणालो. ती रागावलीसुद्धा नाही. "मोर सास के रुपिया हे बाबू. कड़ी तो तुंहरे बाबूजी लगाए रिहिन." म्हणजे सासूचे रुपये तिने माळ करायला आमच्याकडेच दिले होते. मी माळ उलटी केली. प्रत्येक रुपयाच्या कडीला तीन बारीक वेढे होते, एकही कडी नंतर उघडलेली नव्हती, आणि तशी कडी आमच्या बाबांशिवाय गावात कोणी करत नसे. बाबा मागे फुंकणी घेऊन बसले होते. मान वर न करता ते मराठीत म्हणाले, "तिले विचार, मधात कोणाजवळ ठेवली होती काय." आता बाबा नाहीत, दुकान मी चालवतो. पण त्यांचा तो प्रश्न हिंदीत करून, तिच्या डोळ्यांत बघून विचारला, तो मीच.