वाचनमावशीचा घसा

कपड्यांच्या त्या कारखान्यात खाली शिवणयंत्रांची घरघर आणि वरच्या मजल्यावर धागे कापायचं खातं. खाली शिवून झालेले सदरे गठ्ठ्यानं वर यायचे, नि शिवणीला लोंबणारी दोऱ्यांची टोकं बायका छोट्या कात्रीनं कापत बसायच्या. काम सोपं. इतकं सोपं की त्यानंच माणूस मरतं. हात चालतात, डोळे चालतात, डोकं मात्र रिकामं राहतं. आणि रिकाम्या डोक्यात काय शिरतं ते कुणाला सांगायला नको. सासूचा टोमणा, नवऱ्याची बाटली, नापास झालेलं पोरगं.

म्हणून त्या खात्यात फार वर्षांपूर्वी एक रीत पडली. एकीनं पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी ऐकत कापायचं. वाचणारीच्या वाट्याचे सदरे सगळ्यांनी वाटून घ्यायचे.

ती वाचणारी म्हणजे वाचनमावशी. लग्नाआधीचं तिचं सगळं आयुष्य पिकावरची पाखरं हाकलण्यात गेलेलं, त्यामुळे आवाज असा खणखणीत की खालच्या यंत्रांनाही पुरून उरायचा. शाळा जेमतेम झालेली, पण अक्षर दिसलं की अडखळायची नाही. पहिल्या दिवशी तिला उंच स्टुलावर बसवलं, ती तिथंच म्हातारी झाली.

पुस्तकं कोपऱ्यावरच्या वाचनालयातून यायची. तिथल्या माणसानं कपाटांवर पाट्या लावल्या होत्या, कथा, कादंबरी, कविता, नाटक, चरित्र. बायकांची वाटणी निराळी. कादंबरी म्हणजे बारमाही काम, रोज थोडी थोडी, जन्माच्या सोबतिणीसारखी. कथा म्हणजे डबा उघडायच्या आत आटोपलं पाहिजे असं काम. नाटक फक्त सुट्टीच्या आदल्या दिवशी. कारण एकदा करवत नावाच्या बाईनं नाटकातली सासू मावशीच्या मागोमाग अशी म्हणून दाखवली की हसता हसता एकीनं सदऱ्याची बाहीच कापली. करवत हे टोपणनाव. आवाज तसा, नि जीभ त्याहून धारदार. कवितेला तर मुकादम घाबरायचा. एक ओळ वाचली की सगळ्या कात्र्या थांबायच्या, नि बायका भिंतीकडं बघत बसायच्या.

"काय झालं? काय आहे त्या ओळीत?" मुकादम ओरडायचा.

"ते कळलं असतं तर कापलं नसतं का?" करवत म्हणायची.

चरित्र लागलं की गुंडीआजीचा एकच प्रश्न असायचा. ही खात्यातली सगळ्यात थोरली, गुंड्या तपासणारी. "थोर माणसाचं ठीक आहे गं, पण तो थोर होत असताना घरात पाणी कोण भरत होतं? ते लिहिलंय का?" बहुतेक लिहिलेलं नसायचं.

एकदा वाचनालय बंद होतं, म्हणून मावशीनं दवाखान्यातलं माहितीपत्रक वाचून दाखवलं, सांधेदुखीवरचं. बायकांनी निमूट ऐकलं. संपल्यावर गुंडीआजी म्हणाली, "यातलं सगळं खरं आहे, आणि गुडघे तर माझेच आहेत. पण यात मी कुठं नाही. कालच्या कादंबरीत सगळं खोटं होतं, तरी तिच्यात मी होते." साहित्य कशाला म्हणायचं, यावर त्या खात्यात झालेली चर्चा एवढीच.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. सुट्टीची घंटा मध्येच झाली तर बायका मुकादमाला हाताचा पंजा दाखवायच्या, थांब, वाक्य पुरं होऊ दे. आणि दुसरी, जी गैरहजर राहील तिला मागचं सांगायचं नाही. हा नियम मावशीनंच घातला. एकदा बाळंतपणाहून परतलेल्या एकीला सगळ्याजणी मिळून मागचं सांगायला बसल्या. दोघींचं सांगणं जुळेना. एक म्हणे नायिका रडली, दुसरी म्हणे छे, हसली. भांडणं झाली, कात्र्या पडून राहिल्या. मावशी वैतागून म्हणाली, "गोष्ट मागं फिरत नाही. जिला पाहिजे तिनं पुस्तक घरी न्यावं नि वाचावं." तेव्हापासून तसंच.

मावशी स्वतः मात्र घरी कधी पुस्तक न्यायची नाही. घरी ती भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा सुनेला वाचायला लावायची. दमली होती ती. बोलून दाखवायची नाही, पण हाडात मुरलं होतं. पुस्तक उघडलं की तिला गोष्ट दिसायचीच नाही. श्वास कुठं घ्यायचा, आवाज कुठं चढवायचा, मागच्या रांगेत कोण पेंगतंय, एवढंच दिसायचं. हमालाला पोत्यातली साखर गोड लागते होय? एकदा सुनेनं सहज विचारलं, "आई, एवढं वाचता, काल काय वाचलंत हो?" मावशीला सांगता येईना. बराच वेळ आठवून म्हणाली, "नळाला पाण्याची चव कळते का गं?"

असं चाललेलं असताना तिचा घसा बसला.

बसला तोही नको तिथं. कादंबरी चालू होती दोन बहिणींची. वडिलांचं घर वाटून घेतलेलं, मधे भिंत घातलेली, वर्षानुवर्षं अबोला. थोरली चिडून निघून गेलेली, नि आता पार खचून परत आलेली. धाकटीच्या दाराशी उभी. दार वाजवलं, नि तिथंच मावशीच्या तोंडातून शब्दाऐवजी वारा आला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा वारा.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर तोंड उघडायचं नाही. कुजबुजायचंही नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल.

मुकादमाला आयती संधी मिळाली. "आता कोपऱ्यात स्पीकर लावू. गाणी ऐका. पुस्तकाचा घोळ संपवा."

"आणि दाराचं काय?" एकजण म्हणाली.

"कुठलं दार?"

"ती बाहेर उभी आहे ना! उघडलं की नाही दार?"

"मला काय माहीत! मी काय आत होतो?"

"मी वाचते," करवत म्हणाली. सगळ्या हसल्या. करवतीला वाचता यायचं, पण बैल चिखलातून चालावा तसं.

मुकादमानं डोक्याला हात लावला. "एक दिवस देतो. कामात खोट आली तर उद्या स्पीकर."

मावशी स्टुलावरून उतरली. जन्मात पहिल्यांदा खाली चटईवर बसली, हातात कात्री घेऊन. वाचणारी नाही म्हटल्यावर आपल्या वाट्याचं काम आपणच करायला पाहिजे. पण बोटं वळेनात. शेजारणीचे चार सदरे व्हायचे तेव्हा हिचा एक. शेजारीण बघत होती, हिच्या ढिगातले दोन सदरे ओढून घेत होती. मावशीनं तिचा हात धरला. ती म्हणाली, "राहू द्या हो. सवय आहे आम्हाला." मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर करवत वाचत होती. "थोर...लीनं पुन... पुन्हा कडी..." नको तिथं थांबायची, हवं तिथं धावायची.

"अगं, श्वास घे! तूच मरशील थोरलीच्या आधी," गुंडीआजी ओरडली.

"गप गं म्हातारे, कडी सापडत नाहीये मला!"

मावशीनं सवयीनं ओठ उघडले, नि मिटले. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, श्वास कुठं घ्यायचा हे आज बघायचं नाही. मागच्या रांगेकडं बघायचं नाही. कुणीतरी वाचतंय आणि आपण ऐकतोय. थोरलीच्या पायात चप्पल नव्हती. मावशीला तिचे पाय दिसले. भेगा दिसल्या. तिनं पाठ गठ्ठ्याला टेकली. नव्या कापडाचा खळीचा वास येत होता. मान एकीकडं कलली.

जाग आली तेव्हा कादंबरी संपली होती. करवत स्टुलावर पुस्तक मिटून बसलेली, नाक पुसत. गुंडीआजी पदरात तोंड घालून. शेजारीण कात्री हातात धरून नुसतीच बसलेली. मावशीचा ढीग मात्र संपलेला होता. सगळ्यांनी मिळून उरकला होता. दारात मुकादम उभा होता, पण तोही स्पीकरचं काही बोलत नव्हता. बहुधा शेवटचं पान त्यानंही ऐकलं होतं.

मावशी दचकून उठली. करवतीकडं बघून हातांनी विचारलं, दार? उघडलं?

करवत बोलणार होती. मग तिचं तोंड वाकडं झालं, निम्मं रडकं, निम्मं वात्रट. "गोष्ट मागं फिरत नाही, मावशी. नियम तुमचाच."

मावशीनं गुंडीआजीकडं बघितलं. आजीनं मान हलवली. "मी सांगितलं तर माझं दार होईल गं बाई. तुझं नाही व्हायचं."

मुकादमाकडं बघायची तिला लाज वाटली. तरी बघितलं. तो म्हणाला, "मला विचारू नका," आणि जिना उतरून गेला.

ते पुस्तक मावशीनं डब्याच्या पिशवीत घालून घरी नेलं. सूनबाई बघतच राहिली. सुट्टीच्या दिवशी दुपारी धुणी वाळत घालून झाल्यावर मावशी खिडकीशी बसली. शेवटचीच पानं बघायची होती, पण दोन ओळींतच अडली. ही भिंत घातली कुणी? आपणच वाचलं होतं की, तोंडानं, सगळ्यांदेखत. काही म्हणता काही आठवेना. मग पहिलं पान उघडलं.

ओठ मिटून वाचायला तिला जड गेलं. बोट ठेवून ठेवून ती पुढं सरकत होती, करवतीसारखीच. कुणी पेंगत नव्हतं, कुणाला ऐकू घालायचं नव्हतं. वडील गेले त्या पानाशी ती बराच वेळ थांबली. हे पान वाचलं तेव्हा बायका रडल्या होत्या, एवढं तिला आठवत होतं. कशाला रडल्या, ते आज कळत होतं.

"आई, चहा गार होतोय," सून म्हणाली.

मावशीनं मान वर न करता हाताचा पंजा दाखवला.

सुनेनं कप उचलला, परत गरम करून आणला. तोही गार झाला.