लक्ष्मीच्या ताटातलं रोमन नाणं

माझ्याकडे रोमन प्रजासत्ताकाच्या काळातलं चांदीचं एक नाणं आहे. त्याला डिनारियस म्हणतात. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या बाजूला दोन घोड्यांच्या रथात विजयदेवता. वय दोन हजार वर्षांहून जास्त. वजन ३.८६ ग्रॅम, मी स्वतः केलेलं.

हे नाणं मी देऊन टाकणार होतो. मनमाडचे एक निवृत्त रेल्वेवाले माझे नाण्यांतले मित्र. आपल्या भागात राज्य केलेल्या क्षत्रपांचं एक चांदीचं नाणं त्यांच्याकडे होतं आणि ते मला कित्येक वर्षं हवं होतं. दिवाळीच्या पाडव्याला अदलाबदल ठरली. तोवर सुरक्षित राहावं म्हणून मी डिनारियस देवाच्या चांदीच्या डब्यात ठेवलं. तो डबा वर्षभर बंद असतो. फक्त लक्ष्मीपूजनाला उघडतो, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

त्या सकाळी पंचवटीतून झेंडू घेऊन आलो, तर बायको मोरीपाशी बसून निरांजन, करंडा, वाट्या रांगोळीने घासत होती. शेजारच्या ताटलीत डिनारियस, लखलखीत.

“अहो, किती काळं करून ठेवलं होतंत! लक्ष्मीपुढे असं ठेवायचं?”

“अगं, तो काळेपणाच तर जुन्या नाण्याची किंमत!”

तिने नाणं उजेडात धरलं. “ही बाई कोण?”

“रोमा. रोमची देवी.”

“हेल्मेट घातलंय की! हिला द्वारकेच्या चौकात पोलीस अडवणार नाहीत. तुम्हाला अडवतात.”

हसू आलंच. मग वजनकाटा काढला. ३.८४. दोन शतांश ग्रॅम रोम आमच्या मोरीतून गोदावरीकडे गेलं होतं.

पाडव्याला मित्र आले. त्यांनी भिंग लावलं आणि फराळाची बशी बाजूला सरकवली.

“घासलंय राव.”

“रांगोळीने.”

“मग नाही जमायचं.” त्यांनी आपलं नाणं खिशात परत ठेवलं. चकली मात्र आणखी एक घेतली.

ते गेल्यावर बायकोने विचारलं, “माझ्यामुळे गेलं ना तुमचं ते नाणं?”

“हो. पण हे राहिलं.”

ती नाणं घेऊन खिडकीशी गेली. रथाखालची अक्षरं मी आजवर भिंगानेच वाचत आलो होतो. तिने ती नुसत्या डोळ्यांनी वाचली, “आर, ओ, एम, ए.”

आता दर लक्ष्मीपूजनाला ते ताटात असतं. रांगोळी लागत नाही. साधं पुसायचं तरी ती आधी मला विचारते. पूजा झाली की मी वजन करतो. यंदा कुंकवासकट ३.८५ भरलं.