चटईचा रंग

ऑफिसात विजेच्या पॅनेलसमोर रबरी चटई हवी होती. साहेबांची अट एकच: भिंतींना शोभेल अशी काळीच हवी. मी मल्लेश्वरममधल्या एका दुकानात गेलो. ते चालवणाऱ्या अक्का पिढ्यान्‌पिढ्या इथल्या कानडी मुलखातल्याच, पण मराठी बोलणाऱ्या.

मी काळी चटई निवडली. "स्वल्प थांबा, अण्णा," म्हणत त्यांनी हात पदराला पुसले आणि वीज तपासायच्या मीटरच्या दोन्ही तारा चटईवर टेकवल्या. काटा सरकला.

"हिच्यात काजळी भरपूर आहे. तिनं रबर दणकट होतं, पण वीजही वाहते. ट्रकच्या टायरला ठीक, माणसाच्या पायाखाली नको."

मग मी स्वस्तातली राखाडी दाखवली. त्यांनी ती दुमडली, तशी घडीवर चीर पडली. "हिच्यात रबर कमी, खडूची भुकटी जास्त. सगळे रंग विचारतात, अण्णा. वर कोण उभं राहणार, ते कुणी सांगत नाही."

मी आमच्या इलेक्ट्रिशियनचं नाव सांगितलं. त्यांनी तपासणीचा शिक्का असलेली निळी चटई दिली.

साहेब निळा रंग पाहून वैतागले. मी म्हणालो, "काळी आणतो, सर. फक्त तिच्यावर उभं राहून पॅनेल पहिल्यांदा तुम्ही उघडा."

दुपारी सगळ्यांना मेल आला: सुरक्षिततेचा विचार करून साहेबांनी निळा रंग स्वतः निवडला आहे.